फक्त क्वेशाशाच्या डोंगरावर

६ फेब्रुवारी

पोचले एकदाची! डोंगराखाली मोम्बोला बस सोडली तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झाला होता, आणि आता दोन स्वेटर घालून, पायांवर घोंगडी घेऊन लिहीत बसले आहे.

गिरणीच्या गावापर्यंत पिकअप मिळाली. मागे कोबीच्या पोत्यांवर बसून आले. पुढे पायवाट. निलगिरीची लागवड संपते तिथे ओढ्यावर एक लाकडी पूल आहे, आणि पूल ओलांडला की खरं जंगल. मधे काही नाही, एकदम जंगलच. इथला वनरक्षक झेफानिया पुलाच्या त्या टोकाला उभा होता. मी हात हलवला, ट्रंक दाखवली, तरी पठ्ठ्या हसत तिथेच. शेवटी मीच ट्रंक ओढत पूल पार केला. मग मात्र त्याने ती डोक्यावर घेतली ती थेट घराच्या पायरीवरच उतरवली. पुलाला घाबरतोस की काय, असं विचारलं तर म्हणाला, "पुलाला नाही ताई, तुमच्या ट्रंकेला. काय भरलंयत, उखळ?"

घर जर्मन काळातलं, दगडी, ऐसपैस. व्हरांड्यात उभं राहिलं की ढग पायाखालून जातात. शेकालाघेबाबांनी माझी प्रमाणपत्रं बघितलीच नाहीत. एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं आणि ओळख म्हणाले. मला ओळखता आलं नाही. "छान," ते म्हणाले, "थापा मारत नाहीस." ज्यांची पुस्तकं वाचून मी पास झाले ते हे डॉक्टर शेकालाघे. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, डोक्यावर लोकरी टोपी, आणि बोलणं असं की ऐंशी वर्षांच्या माणसासमोर नाही, वर्गातल्या खोडकर मुलासमोर बसल्यासारखं वाटावं.

त्यांच्या मदतनिसाचं काम जूनपर्यंतचं. माझी मुलगी कुंडा, शाळेच्या पटावर अपैकुंडा, आईकडे सामेला आहे. बसपाशी रडली नाही, उलट मलाच म्हणाली, रडू नकोस.

१० फेब्रुवारी

इथे आम्ही चौघंच. बाबा, झेफानिया, स्वयंपाकाच्या म्वानैदीमावशी आणि मी. मावशींनी आज मका-घेवड्याचं माकांडे केलं होतं. आमच्या पारे लोकांचं माकांडे मी मावशींना शिकवायला गेले, तर त्यांनी डाव माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या की तुमच्याकडे मका शिजवतात, आम्ही सांबा लोक मका मुरवतो.

बाबांचा सगळा जन्म रानतेरड्यांत गेला. या डोंगररांगेत तेरड्याच्या अशा जाती आहेत की त्या एका ओढ्याच्या काठाला असतात आणि शेजारच्या ओढ्याला नसतात. बाबा त्यांच्याविषयी नातेवाइकांसारखं बोलतात. हा भांडकुदळ, ही लाजरी, ह्याला सकाळचं ऊन खपत नाही.

जेवताना नावांचा विषय निघाला. इथल्या जांभळ्या फुलाला एका जर्मन साहेबाचं आडनाव मिळालं आणि ते जगभर खिडक्यांत पोचलं. बाबा म्हणाले, "फूल आमचं आणि नाव त्यांचं. साहेब नाव लावून गेले, परत आले नाहीत. म्हणून मी तेव्हाच ठरवलं, यापुढे नाव द्यायचं ते इथे राहणाऱ्या माणसाचंच." एका लहान पानांच्या जांभळ्या जातीला त्यांनी मावशींचं नाव दिलं आहे. कापराच्या म्हाताऱ्या झाडावर वाढणाऱ्या एका ऑर्किडला झेफानियाचं. आणि स्वतः बाबांचं नाव एका तेरड्याला आहे, ते त्यांच्या परदेशी गुरूंनी दिलेलं. मी टाळ्या वाजवल्या. मावशी भांडी उचलून आत गेल्या.

१९ फेब्रुवारी

आज जन्माचं सार्थक झालं. धबधब्याच्या वरच्या अंगाला, सतत तुषार उडतात त्या खडकाखाली, एक तेरडा दिसला. पांढरं फूल, कवडीएवढं, घशात किरमिजी ठिपका. देठ इतका पाणीदार की आरपार उजेड दिसतो. मी गुडघ्यांवरच बसले. कुठल्याच पुस्तकात असा पाहिलेला नाही.

बाबा काठी टेकत स्वतः आले. भिंगातून खूप वेळ बघितलं. मग भिंग बाजूला करून माझ्याकडेही तितकाच वेळ बघितलं. नवीन आहे, म्हणाले.

घरी फोन करायला मोठ्या खडकावर चढले, तिथेच रेंज मिळते. आईला काही कळलं नाही. कुंडाने विचारलं की फूल खाता येतं का.

१ मार्च

नाव दिलं! बाबांनी पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने एकेक अक्षर ठोकलं: नाकिएते, आणि पुढे लॅटिन शेपूट. झाडाजवळ खुंटीला पट्टी अडकवली आणि नाव मोठ्याने म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आमच्या घरात कुणाचं नाव शाळेच्या हजेरीपटापलीकडे गेलेलं नाही.

परत येताना झेफानिया भराभर पुढे चालत राहिला. मी म्हटलं, जळतोस काय? तो हसला, पण चेहऱ्याने नाही. म्हणाला, "ताई, घरी जायचं होतं ना तुम्हाला? काल जायला हवं होतंत."

शनिवारी जाणारच आहे, दोन दिवस. कुंडाला भेटून येईन.

७ मार्च

गेले नाही. म्हणजे निघाले होते.

जसं घडलं तसं लिहून ठेवते.

पुलापर्यंत ठणठणीत होते. निलगिरीत शिरले आणि हवा कोरडी वाटली, बस, एवढंच. मग पिशवी हातातून पडली. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. मनगट खाली लोंबलं, न पाणी दिलेल्या रोपाचं पान लोंबतं तसं. गुडघे आतून रिकामे झाले. मी खाली बसले नाही, मी गळून पडले. हाताची कातडी ढिली होऊन सुरकुतलेली मला दिसत होती. जीभ टाळूला चिकटली. आणि दुखत काहीच नव्हतं. ओरडावं असं काही होतच नव्हतं, फक्त माझ्यातलं पाणी निघून चाललं होतं.

झेफानिया पुलाच्या अलीकडून ओरडत होता. तो पलीकडे आला नाही. त्याने हाका मारून लाकूडफाट्याच्या बायका बोलावल्या. त्यांनी मला काखेत धरून पुलावरून मागे ओढलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. एक दुसरीला म्हणाली, "हीसुद्धा वरचीच झाली गं."

धुक्यात आणून निजवल्यावर अंग भरून आलं. दुपारी मी उठून चहा प्याले.

मलेरिया असणार.

८ मार्च

मलेरिया नाही.

मावशींनी दार लावून घेतलं आणि सांगितलं. त्या एका हंगामापुरत्या आल्या होत्या. त्यांची आई खाली लुशोटोला वारली, तेव्हा या पुलापाशी उभ्या राहून त्यांनी लोकांना मयताला जाताना पाहिलं. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "काय सांगू? फुलाने धरलंय म्हणून? तू हसली असतीस, आणि म्हातारी चळली म्हणून घरी पत्र लिहिलं असतंस." मग तोंडाला पदर लावून म्हणाल्या की खरं कारण तेही नाही. इतक्या वर्षांत बोलायला बाई मिळाली होती, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

मी दाराची कडी काढली. नंतर बाबांकडे गेले.

त्यांनी नाकारलं नाही. खुर्ची पुढे सरकवली, वर पोरीला समजवावं तसं समजवलं. या जाती फक्त इथे जगतात. खाली नेल्या की मरतात. नाव एक झालं की जगणंही एकच होतं, एवढंच. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं आणि तरी? ते म्हणाले, "दर वर्षी एक हुशार पोर येतं. शिकतं आणि उतरून जातं. शहरात बँकेत लागतं. माझ्यामागे हे कोण बघणार, नाकिएते? तू गुडघ्यांवर बसलीस फुलासमोर. तशी कुणी बसत नाही."

मी म्हटलं मला मुलगी आहे.

हो, ते म्हणाले, तू सांगितलंस.

१४ मार्च

पट्टी उपटून धबधब्यात फेकली. पुलापर्यंत गेले. निलगिरीच्या पहिल्याच झाडाशी बोटं लुळी. परत.

मावशी म्हणाल्या, त्यांनी त्यांची पट्टी चुलीत घातली होती. नाव पत्र्यावर राहत नाही.

१८ मार्च

आज झाड बरोबर नेलं. मातीसकट रॉकेलच्या डब्यात, ओलं फडकं गुंडाळून, छातीशी धरून. ते जिथे, तिथे मी, असा हिशेब. पुलाच्या मध्यावर त्याने मान टाकली. पांढरी फुलं डब्याच्या कडेवरून लोंबली आणि माझी मान त्यांच्या बरोबरीने. दोघांना झेफानियाने दोराने फास टाकून ओढलं. माझा फ्रॉक फाटला. झेफानियाने दोर गुंडाळला. म्हणाला की त्याने पहिल्या वर्षी सगळं करून पाहिलंय, हेही, तर मी जरा त्याला विचारत जावं.

मग दोघं तिथेच बसून हसलो. का ते माहीत नाही. त्याने सांगितलं, त्याचे भाऊ गिरणीच्या गावात राहतात. घरांचे पत्रे इथून चमकताना दिसतात.

एक उपाय उरतो. सगळी रोपं उपटायची. नाव कुणाचं आणि कशाचं, काही उरलंच नाही तर सुटेन.

उद्या.

२ एप्रिल

उपटली नाहीत. आधी पावसाने अडवलं, आणि आता—

कापराचं झाड पडलं. सकाळी, आम्ही चहा पीत असताना. वारा नव्हता. डोंगर एकदा हलला, एवढंच. झेफानियाच्या हातातला कप तसाच राहिला. तो पळाला.

त्याचं ऑर्किड दुसऱ्या कुठल्याही झाडावर नाही. आम्ही दोघांनी चिखलातून एकेक गड्डा सोडवला, शर्टाच्या चिंध्या करून दुसऱ्या कापरांवर बांधला. तो बांधताना त्यांच्याशी बोलत होता. चिकट रे बाबा, चिकट.

बाबा छत्री धरून उभे. हळहळत होते. ऑर्किडसाठी.

५ एप्रिल

गड्डे काळे पडले. झेफानियाची नखंही.

तो धुक्यात निजलाय, वर, ढगाच्या ऐन पोटात, आणि तरी सुकतोय. मावशी त्याच्या ओठांवर पाणी घालतात. पाणी आत जात नाही. तो मला म्हणाला की ताई, उपटू नका. तुमचं उपटू नका.

७ एप्रिल

झेफानिया गेला. दुपारी.

भाऊ आले न्यायला. उचलायला दोघं पुरेसे झाले. वाळलेल्या गवताच्या भाऱ्याएवढं वजन. मी पुलापर्यंत गेले. ते त्याला घेऊन पलीकडे गेले, निलगिरीतून उतरले, दिसेनासे झाले. आता त्याला काही झालं नाही.

२० एप्रिल

रोज धबधब्यावर जाते. गोगलगाई वेचते. काटक्यांचं कुंपण केलं. काल एका पानाला भोक पडलं तर माझ्या पोटरीत कळ आली, की वाटली. मी त्या रोपाचा इतका द्वेष करते आणि त्याच्यावर सावली धरून उभी राहते.

बाबा माझं काम बघून खूश आहेत. म्हणतात, इतकी काळजी कुणीच घेतली नव्हती.

३ मे

खडकावर गेले. आई कडाडली. इतके दिवस येते येते म्हणतेस, वर कुणी पुरुष धरून बसलीयेस का? मी म्हटलं, आई, मला येता येत नाही. पाय मोडलाय का? नाही. मग? मी फुलाचं सांगायला लागले. तर म्हणाली, "पोर बाप असून बिनबापाची झालीच आहे. आता आई असून बिनआईची करतेस? थांब तू. मीच घेऊन येते तिला, बघते कसली नोकरी आहे ती."

नको म्हणून ओरडले. रेंज गेली होती.

पुन्हा लागत नाही फोन. पाऊस.

८ मे

आल्या.

कुंडा पुलावरून पळत आली. एक दात पडलाय. मी तिला उचललं आणि एवढंच म्हणत राहिले, कशाला आलीस, कशाला आलीस. आई बघतच राहिली माझ्याकडे.

रस्ता खचलाय. पिकअप लगेच नाही. आईचे गुडघे सुजलेत.

दोघींना माझ्या खोलीत ठेवलंय. आईला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. पण निदान एक कबूल केलं. इथे कुंडाला नावाने हाक मारायची नाही. बाळी म्हणायचं.

९ मे

बाबांनी चहाला विचारलं, ही गोड पोर कोण. बाळी, मी म्हटलं. ते हसले. बाळी हे काही नाव नव्हे.

मी कुंडाला आत नेलं.

उद्या पहाट झाली की खाली. चालत. आईला गुडघे असोत नसोत.

१० मे

गेल्या नाहीत. माझ्यामुळे.

पुलापर्यंत सोडायला गेले. कुंडा गळ्याला मिठी मारून सुटेना. आईने ओढलं, मी ओढलं. ती किंचाळत होती की मी पण इथेच राहणार. तेव्हा मला सुचेना. वाटलं, हिला उचलून निलगिरीच्या आत सोडावं, तिथून आई नेईल. धावले. पूल पार केला, आणखी थोडं, आणखी—

तिच्यावरच पडले.

आईने आणि त्या बायकांनी ओढत आणलं. आईने आता माझे हात बघितले. आता ती ताप बघत नाही. विश्वास बसलाय तिचा. तिने माझे पाय मांडीवर घेतले आणि सोडेचना. मी खुणेने म्हटलं, जा. तिने मान हलवली. तुला असं टाकून?

आवाज नाही. घशातून हवा नुसती.

११ मे

हाताची बोटं काल रात्रीपासून पेन धरण्यापुरती परत आली. पाय नाहीत, आवाजही नाही. ह्या वेळी फार पुढे गेले होते.

आई स्वयंपाकघरात, मावशींबरोबर माझ्यासाठी पेज करतेय. कुंडा खोलीत नाही. आत्ता होती. खाटेशी बसून माझ्या पायांची लुळी बोटं मोजत होती.

व्हरांड्यात आहे. हसतेय. खिडकीतून दिसते. खांबापाशी, बाबांच्या पायाशी. हातात काहीतरी पिवळं. तेरडा. पिवळा, इतका पिवळा मी कधी— कुठून आणला? कालचा असेल, ओढ्यावरचा, पडलो तिथला, अलीकडचा की पलीकडचा, देवा, पलीकडचा असू दे—

बाबांनी गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं. दोघं वाकलेत.

आई आत आली की हे पान तिच्यापुढे धरीन. आई, पेज टाक. तिला उचल. आत्ता. माझ्याकडे बघू नकोस, तिला घेऊन धाव, मी—

पत्रा. पत्र्याची पट्टी काढली त्यांनी. खिळा.

भिंतीवर हात आपटतेय. आवाज होत नाही. हात कापसासारखे.

विचारतायत. काय गं, पोरी, बाळी का तुझं खरं नाव? कुंडा हसली. नाही म्हणतेय. शाळेत शिकलेय, म्हणतेय, पूर्ण नाव येतं मला. एकेक अक्षर सांगते, तुम्ही ठोका.

खाटेवरून सरकतेय. आई. आई ये ना—

अ, म्हणाली. ठोकलं.

पै.

आई

कुं—